ज्या वर्षी सोयाबीन दहा हजारांवर गेलं

हातकणंगले तालुक्यात आमची जमीन दोन तुकड्यांत आहे. एक तुकडा पंचगंगेच्या मळीत, दुसरा वर माळाला. मळीत ऊस आणि माळाला सोयाबीन, असं बरीच वर्षं चाललं होतं. 2021 साली उसाचा खोडवा काढून टाकला आणि मळीतही सोयाबीन टोकलं. मिस्टर इचलकरंजीला सूतगिरणीत कामाला आहेत, त्यामुळे रानाचं मीच बघते. घराला लागूनच धाकट्या दिराची कोंबड्यांची शेड आहे. कोंबड्या अंड्यावरच्या, आणि त्यांचं खाद्य तो स्वतः दळून मिसळतो. हे आधी सांगते, कारण त्या वर्षी जे झालं ते या एकाच घरातल्या दोन धंद्यांच्या मधे झालं.

जीएम, म्हणजे जनुकीय बदल केलेलं पीक, हा तोवर मला कापसाचा विषय वाटायचा. कापूस आमच्याकडं होत नाही. 2002 साली बीटी कापसाला परवानगी मिळाली. पुढं बीटी वांगं येणार होतं, पण फेब्रुवारी 2010 मध्ये तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी त्याला स्थगिती दिली. हे पेपरात वाचलेलं. कृष्णाकाठची वांगी म्हणजे आमच्या शेजारचाच माल, म्हणून ते लक्षात राहिलं होतं. बाकी ते वाद विदर्भातले आणि दिल्लीतले. आपल्या रानाशी त्यांचा काही संबंध येईल असं कधी वाटलं नाही.

जूनमध्ये पेरणी झाली. माळाला फुले संगम केलं. हे वाण आमच्या जवळच्याच, सांगलीजवळच्या कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्रात तयार झालंय. नावापुढं केडीएस लिहितात ते त्या गावाचंच. आमच्या कृष्णा-पंचगंगेच्या भागात सोयाबीनवर तांबेरा फार पडतो. पानं खालून तपकिरी होतात आणि शेंग भरायच्या आतच गळून जातात. या केंद्रानं तांबेऱ्याला तोंड देणारी वाणं काढली ती साध्या संकरातून आणि निवडीतून. त्यात बाहेरचा जनुक घातलेला नाही. सुधारित वाण आणि जीएम हे एकच असं गावात पुष्कळांना वाटतं, म्हणून एवढं सांगितलं.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात पाऊस लागला तो थांबेचना. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी 43 फूट आहे. पाणी पन्नासच्याही बरंच वर गेलं. शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला. 2019 चा पूर डोळ्यासमोर होताच. मळीतलं सोयाबीन बुडलं. पाणी ओसरल्यावर बघायला गेले तर रानभर चिखल आणि त्यात काळी पडलेली रोपं. सोयाबीनच्या बुडाशी दोन-तीन दिवस पाणी साचलं की ते पिवळं पडतं. हे तर सगळंच पाण्याखाली होतं. माळाचं मात्र वाचलं, आणि चांगलं वाचलं. फुलं लागली होती.

ऑगस्टमध्ये दराच्या बातम्या यायला लागल्या. लातूर, वाशीमकडं जुनं सोयाबीन क्विंटलला दहा हजारांवर गेलं. एवढा दर आम्ही कधी ऐकला नव्हता. त्या वर्षीचा हमीभाव 3,950 होता. मी रोज माळाला जाऊन यायचे. शेंगा मोजत बसायचे, तसं काही काम नसताना. मळीचं नुकसान माळावर भरून निघेल असा हिशोब मनात चालू होता. मुलीच्या इंजिनिअरिंगची फी भरायची होती, तीही त्यातच धरली.

त्याच दिवसांत दीर रात्री वहीवर आकडे टाकत बसायचा. कोंबडीच्या खाद्यात मका सगळ्यात जास्त आणि त्याखालोखाल सोयापेंड. प्रथिनं पेंडीतूनच मिळतात, ती कमी केली की अंडी कमी होतात. वर्षाच्या सुरुवातीला किलोला चाळीसच्या आसपास मिळणारी पेंड ऑगस्टमध्ये नव्वदच्या पुढं गेली. अंड्याचा दर काही दुप्पट झाला नव्हता. एकदा जेवताना तो म्हणाला, "वैनी, तुमचं सोयाबीन दहा हजाराला जातंय ते बरंच आहे, पण माझ्या पाखरांनी काय खायचं? असंच राहिलं तर दिवाळीच्या आत शेड रिकामी करायला लागंल." तो खोटं बोलत नव्हता. मला घास गिळवेना. आमच्या आनंदाचा भार त्याच्यावर पडत होता.

24 ऑगस्टला केंद्राची अधिसूचना निघाली. जीएम सोयाबीनची 12 लाख टन पेंड बाहेरून आणायला परवानगी मिळाली, आधी ऑक्टोबरअखेरपर्यंत. पुढं ती मुदत जानेवारी 2022 पर्यंत वाढली. पोल्ट्रीवाल्यांची मागणी होती आणि ती मान्य झाली. तेल काढून भरडलेली पेंड जमिनीत टाकली तर उगवत नाही, त्यात जिवंत बी नसतं, म्हणून पर्यावरणाच्या परवानगीची अडचण नाही, असं त्यामागचं कारण दिलं गेलं. दिराच्या फोनवर त्यांच्या ग्रुपमध्ये अभिनंदनाचे मेसेज सुरू झाले. माझ्या फोनवर शेतकऱ्यांच्या ग्रुपमध्ये शिव्या. दोन्ही फोन एकाच सोप्यात चार्जिंगला लावलेले.

दर ढासळत गेला. नवीन माल यायच्या आतच. सप्टेंबरभर दर रोज थोडा थोडा खाली. आमच्याकडं काढणी सुरू झाली तेव्हा व्यापारी ओल्या मालाला चार हजारांच्याही आत मागत होते आणि वाळलेल्याला साडेचार-पाच. दर पडायला पेंड हे एकच कारण होतं असं मी म्हणणार नाही. हंगामात आवक वाढली की दर उतरतोच. ऑक्टोबरमध्ये खाद्यतेल आणि तेलबियांच्या साठ्यावरही मर्यादा आली. पण दर घसरला तो त्या परवानगीच्या सुमारास, हे आम्ही सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलंय.

मला जे सलतं ते तारखेचं. अधिसूचना निघाली तेव्हा पीक शेंगा भरण्यात होतं. खत, बी, भांगलण, फवारणी, सगळा खर्च करून झाला होता. हेच मे महिन्यात कळलं असतं तर मी मळीत खोडवा ठेवला असता आणि माळावर अर्धा भुईमूग केला असता. दिराला पेंड मिळू नये असं माझं म्हणणं नव्हतं आणि आजही नाही. पेरताना एक नियम आणि कापताना दुसरा, असं होऊ नये एवढंच.

तेव्हा घरात दोन-चार वेळा आवाज चढले. सासूबाई मधे पडल्या. शेवटी मी ठरवलं की हे जीएम म्हणजे नक्की काय ते एकदा नीट समजून घ्यायचं. आमच्या नात्यातली एक मुलगी कोल्हापूरच्या कृषी महाविद्यालयात शिकलेली. तिला घरी बोलावलं. तिनं जे सांगितलं त्यातलं बरंच मला नवीन होतं.

बाहेरच्या देशांतलं जीएम सोयाबीन 1996 पासून आहे. त्यात मातीतल्या एका जिवाणूचा जनुक घातलेला असतो. त्यामुळे ग्लायफोसेट हे तणनाशक पिकावर मारलं तरी सोयाबीन मरत नाही, फक्त तण मरतं. अमेरिका, ब्राझील, अर्जेंटिना इथलं बहुतेक सोयाबीन असंच आहे. आपल्याकडं ते पेरायला परवानगी नाही. मी विचारलं, "मग ते खायला तरी इथं कधी आलेलं नाही ना?" ती म्हणाली, "काकू, तुमच्या स्वयंपाकघरातलं सोयाबीन तेल कुठून येतं?" आपला देश खाद्यतेल निम्म्याहून जास्त बाहेरून आणतो. त्यातलं सोयाबीन तेल मुख्यतः अर्जेंटिना आणि ब्राझीलमधून येतं. मग ती गोठ्याकडं बघून म्हणाली, "आणि म्हशीला काय घालता?"

सरकी पेंड. आमच्या जिल्ह्यात दुधाचा धंदा सरकी पेंडीशिवाय चालत नाही. देशातला नव्वद टक्क्यांहून जास्त कापूस बीटी आहे. म्हणजे ज्या जीएमवर आम्ही ऑगस्टमध्ये घरात भांडत होतो, ते आमच्या गोठ्यात किती तरी वर्षांपासून रोज सकाळ-संध्याकाळ पाटीत जात होतं. त्या रात्री मला झोप लागली नाही. भीती वाटली असं नाही. पण हे आपल्याला कुणीच सांगितलं नाही, याचा राग आला.

तिनं दोन्ही बाजू सांगितल्या. जनावरानं पेंड खाल्ली की त्यातली प्रथिनं आणि जनुकं पोटात पचतात. दुधात किंवा अंड्यात ती तशीच उतरतात असं दिसलेलं नाही, असं नियामक संस्था सांगतात. विरोध करणारे म्हणतात की चाचण्या बहुतेक बियाणं विकणाऱ्या कंपन्यांच्याच असतात, त्या स्वतंत्र हव्यात. ग्लायफोसेटवर तर मोठाच वाद आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2015 मध्ये ते बहुधा कर्करोगकारक म्हटलं, तर अमेरिकेच्या आणि युरोपच्या नियामकांनी तसं मानलं नाही. तिकडं एकच तणनाशक वर्षानुवर्षं मारल्यानं त्याला न मरणारी तणंही तयार झाली आहेत. आपल्याकडं बीटी कापसाचं तेच झालं. सुरुवातीला बोंडअळी गेली, पण गुलाबी बोंडअळी पुढं त्याला सरावली आणि 2017 मध्ये महाराष्ट्रात तिनं कापसाचं प्रचंड नुकसान केलं.

हे ऐकून माझं मत एका बाजूला पक्कं झालं नाही. एक मात्र पक्कं झालं. खाणाऱ्याला कळलं पाहिजे. 2013 मध्ये पाकीटबंद खाण्याच्या वस्तूत जीएम असेल तर तसं छापायचा नियम आला. मी दुकानात उभी राहून तेलाच्या पिशव्या उलटसुलट करून बघितल्या. तसं छापलेलं मला कुठंच सापडलं नाही.

आता कामाचं सांगते.

काढणीनंतर माझ्यापुढं दोन वाटा होत्या. पडेल त्या दरानं विकायचं किंवा ठेवायचं. ठेवायचं तर फी कुठून भरायची? गावातल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं शेतमाल तारण कर्जाबद्दल सांगितलं. पणन मंडळाची ही योजना बाजार समितीमार्फत चालते. माल गोदामात ठेवायचा आणि त्यावर किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं, व्याज वर्षाला 6 टक्के, मुदत सहा महिने. किंमत धरताना बाजारभाव आणि हमीभाव यांतला जो कमी तो धरतात, त्यामुळे क्विंटलला हातात तीन हजारांच्या आतच आले. तरी फीचं भागलं. थोडा माल लगेच विकला, मजुरी आणि मळणी भागवायला. बाकीचा ठेवला.

ठेवायचा तर माल वाळलेला हवा. बारा टक्क्यांच्या वर ओलावा असेल तर गोदामात घेत नाहीत, आणि घेतला तरी बुरशी धरते. परतीच्या पावसात हे सोपं नव्हतं. ताडपत्री पसरायची, ढग आले की गोळा करायची, पुन्हा पसरायची. दिरानं शेडच्या पुढचं काँक्रीट मोकळं करून दिलं. पाखरांच्या खाद्याची पोती त्यानं आत सरकवली आणि माझं सोयाबीन तिथं वाळलं. ऑगस्टनंतर आम्ही नीट बोललो ते तेव्हा. दाणा दाताखाली धरला की टचकन फुटला पाहिजे, चेपता कामा नये. आम्ही अजून तसंच बघतो. मग बाजारात मीटरवर खात्री करून घ्यायची.

फेब्रुवारी 2022 नंतर दर चढला. सात हजारांवर गेला. मार्चमध्ये मी कर्ज फेडून माल सोडवला आणि विकला. दहा हजार नव्हे, पण ऑक्टोबरपेक्षा कितीतरी बरा. दर वर्षी असं होईलच असं नाही, हे लगेच सांगते. पुढच्या वर्षांत माल ठेवून ज्यांचा तोटा झाला अशी माणसं आमच्याच गावात आहेत. म्हणून सगळा माल ठेवू नये आणि सगळा एकदम विकू नये.

थोडं बी घरचं ठेवलं होतं. सोयाबीनचं परागीकरण त्याच फुलात होतं, त्यामुळे सरळ वाणाचं बी दोन-तीन वर्षं घरचं वापरता येतं. पण त्याचं साल पातळ असतं. पोती उंचावरून टाकली, एकावर एक फार रचली की उगवण जाते. पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे आणि आठवड्यानं मोजायचे. सत्तरच्या वर उगवले तर नेहमीइतकं बी पुरतं. कमी उगवले तर बी वाढवायचं किंवा सरळ नवीन आणायचं. 2022 मध्ये बियाणाच्या पिशव्या महागल्या तेव्हा हे घरचं बी कामी आलं.

भांगलणीच्या वेळचं एक सांगायचं आहे. दिराचा मुलगा फोनवर ब्राझीलमधला व्हिडिओ दाखवत होता. नजर पोचेल तिथवर सोयाबीन, मोठं यंत्र एका दमात तणनाशक मारत चाललंय, तण करपलं आणि पीक हिरवंगार. तो म्हणाला, "काकू, असं बी इथं आलं तर तुमची भांगलणच वाचंल." अडीचशे रुपये हजेरी आणि तरीही बायका मिळत नाहीत, हे खरं होतं. मला ते बघून मोह झाला, हेही खरं. भांगलणीच्या टोळीची पुढारीण शेजारीच चहा पीत होती. तिनं व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला आणि विचारलं, "आनि मग आमी कुठं जायाचं ओ?" मला उत्तर देता आलं नाही. आजही माझ्याकडं नाही. कंपन्या, शास्त्रज्ञ, संघटना या सगळ्यांचं बोलणं मी ऐकलं, पण तिचा प्रश्न त्यात कुठं ऐकला नाही.

माझी एक भाची अकोल्याकडं दिलेली आहे. तिच्याकडचे लोक तणनाशक सहन करणारा, परवानगी नसलेला एचटीबीटी कापूस लपतछपत लावत होते. जून 2019 मध्ये अकोट तालुक्यातल्या अकोली जहागीर इथं शेतकरी संघटनेनं तो उघडपणे पेरून सत्याग्रह केला. त्यांचं म्हणणं, तंत्रज्ञान निवडायचा हक्क शेतकऱ्याचा आहे. ते मला समजतं, भांगलणीचा खर्च मी पण भरते. पण भाचीनं सांगितलं तेही समजतं. असं बी चोरून येतं, पिशवीवर नाव नसतं, पावती नसते. उगवलं नाही तर तक्रार कुणाकडं करणार? पावती नसेल तर भरपाई विसरा. शिवाय परवानगी नसलेलं जीएम पेरणं हा तेव्हा पाच वर्षांपर्यंत कैद आणि लाखभर दंडाचा गुन्हा होता. तुमच्याकडं कुणी बिननावाची पिशवी घेऊन आलं तर ती घेऊ नका. बी दुकानातून पावतीनं घ्या. पिशवीचा टॅग आणि मूठभर बी हंगाम संपेपर्यंत जपून ठेवा.

2022 च्या मे महिन्यात 12 लाख टनांतली उरलेली जीएम पेंड आणायला सप्टेंबरअखेरपर्यंत पुन्हा परवानगी मिळाली. या वेळी ते पेरणीच्या आधी कळलं. मी मळीत ऊस लावला आणि माळाला सोयाबीन कमी केलं. दिरानंही पेंडीचा सौदा आधीच करून ठेवला. त्या वर्षी घरात कुणी कुणावर चिडलं नाही.

त्यानंतर 2025 पर्यंत सोयाबीनला तसा दर पुन्हा आला नाही. 2024 मध्ये हमीभाव 4,892 होता आणि बाजारात त्याच्या खालीच विकावं लागलं. 2025 साठी तो 5,328 जाहीर झाला. त्याच वर्षी अमेरिकेशी व्यापाराच्या वाटाघाटींत तिकडचा मका आणि सोयाबीन घ्यायचं का, हा विषय पुन्हा निघाला. दीर आता मक्याच्या बातम्या वाचतो आणि मी सोयाबीनच्या. वाचून झालं की एकमेकांना सांगतो.

शेवटी आणखी एक कामाचं. हमीभावानं विकायचं असो की तारण कर्ज घ्यायचं असो, सातबाऱ्यावर त्या हंगामाची पीक नोंद लागते. ऑगस्ट 2021 पासून ई-पीक पाहणीच्या ॲपवर ती आपणच करायची असते. पीक उभं असताना रानात जाऊन फोटो काढायचा, मुदतीच्या आत. आमच्या भावकीतल्या दोघांची नोंद राहिली आणि चांगला वाळलेला माल असूनही त्यांना व्यापाऱ्याच्या दारातच जावं लागलं. माळाला रेंज येत नसेल तर फोटो तिथंच काढून ठेवा, रेंज मिळाल्यावर माहिती वर चढवता येते. आधार, बँकेचं पासबुक आणि सातबारा यांवरचं नाव एकसारखं आहे का, तेही ऑगस्टमध्येच बघून ठेवा. काढणीच्या गडबडीत तलाठ्याकडं फेऱ्या मारायला वेळ मिळत नाही.